कारिस्सिमींचा 'येफ्ते' हौशी क्वायरने कसा बसवावा?

विचारणा अशी आहे. पुण्यातल्या एका हौशी क्वायरमध्ये वीस-बावीस गायक आहेत. निम्मे लहानपणापासून चर्चमध्ये गात आलेले, निम्मे हिंदुस्थानी गाणं शिकलेले. बायका जास्त, टेनर, म्हणजे पुरुषांतल्या वरच्या आवाजाचे गायक, जेमतेम तीन. त्यांना सतराव्या शतकातले रोमचे संगीतकार जाकोमो कारिस्सिमी यांच्या 'येफ्ते' या बायबलातली गोष्ट गाऊन सांगणाऱ्या लॅटिन कृतीतला शेवटचा समूह (कोरस), 'प्लोराते फीलिई इस्राएल', बसवायचा आहे. लॅटिन कुणालाच येत नाही, वाद्यवृंद नाही, साथीला एक डिजिटल पियानो आहे. हे झेपेल का, कुठून सुरुवात करावी, आणि "या संगीताशी आपला काय संबंध?" असं विचारणाऱ्या सभासदांना काय सांगावं?

झेपेल. तुमच्या क्वायरची रचना तर या कृतीला चांगलीच मानवणारी आहे, ते पुढे येईलच. मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा: सूर बसवण्याआधी शब्द बसवा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत जे नवं संगीत आलं, त्याचा सगळा आग्रह हाच होता की शब्द मालक आणि चाल त्याची सेवक. आधीच्या पिढीत पाच-सहा आवाज एकमेकांत इतके गुंतायचे की ओळ ऐकणाऱ्याच्या हाती लागायची नाही. कारिस्सिमींच्या काळापर्यंत ऐकणाऱ्याला ओळ कळलीच पाहिजे, आणि कळताना पोटात कालवलं पाहिजे, अशी अपेक्षा झाली होती. ज्या क्वायर हे सुंदर सुरांचा साठा म्हणून गातात त्यांचं गाणं गोड होतं, पण येफ्तेची मुलगी त्यात कुठेच सापडत नाही.

म्हणून आधी गोष्ट. मराठी बायबलमध्ये ती 'शास्ते' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि येफ्तेचं नाव तिथे 'इफ्ताह' असं आहे. अम्मोनी लोकांशी लढायला निघालेला इफ्ताह देवाला नवस बोलतो: तू मला जय दिलास तर घरी परतल्यावर माझ्या दारातून जो पहिला मला सामोरा येईल त्याचं मी होमार्पण करीन. तो जिंकतो. घराकडे येतो तर डफ वाजवत, नाचत त्याची एकुलती एक मुलगी सामोरी येते. बाप कपडे फाडून घेतो. मुलगी म्हणते, शब्द दिलाय तर पाळा. मला फक्त दोन महिने द्या, मैत्रिणींबरोबर डोंगरांत फिरून माझ्या कुमारिकपणासाठी रडून येते. बायबलातली कथा पुढे जाते आणि नवस फेडल्याचं सांगते. कारिस्सिमी तिथवर जात नाहीत. त्यांची कृती डोंगरातच थांबते. मुलगी टेकड्यांना, रानांना, झऱ्यांना रडायला सांगते, आणि मग सहा आवाजांचा समूह इस्राएलच्या लेकरांना रडायला सांगतो. वेदी नाही, सुरी नाही. एवढं सगळं न सांगता सोडल्यामुळेच शेवटच्या समूहावर सगळा भार येतो.

या शोकाची ताकद किर्खर यांनी तेव्हाच हेरली होती. अथानासिउस किर्खर हे रोममधले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे विद्वान. त्यांच्या 1650 साली छापलेल्या 'मुसुर्जिआ युनिव्हर्सालिस' या अवाढव्य संगीतग्रंथात 'येफ्ते'चं कौतुक आहे, आणि ते आहे विजयाच्या आनंदातून एका झटक्यात शोकात जाण्याबद्दल. त्यावरूनच ही कृती 1650च्या आधीची हे आपल्याला कळतं. म्हणून माझा पहिला सल्ला: शेवटचा समूह एकटा गाऊ नका. निदान मुलगी डफ वाजवत येते तिथून पुढचा भाग घ्या. पूर्ण कृती पंचवीस मिनिटांच्या आसपास आहे; वर्षभर तयारी करणार असाल तर ती सगळीच घ्या. आनंद ऐकवला नाही तर दुःख कशाचं, हे श्रोत्याला कळत नाही.

आता लॅटिन. घाबरू नका, कारण मराठी माणसाची जीभ इथे फार उपयोगी पडते. रोममध्ये लॅटिन इटालियन वळणाने उच्चारतात, आणि या कृतीला तेच योग्य. 'त' आणि 'द' दंत्य आहेत, आपल्यासारखेच. इंग्रजी माध्यमात शिकलेले गायक 'प्लोराटे' म्हणू लागतात, ते तिथेच थांबवा, 'प्लोराते'. 'आफ्लिक्त्सिओने'मधला 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'मधला च, तर 'ए' आणि 'इ'च्या आधी येणारा 'सी' म्हणजे 'चित्र'मधला च. हे दोन्ही च वेगळे ठेवणं युरोपातल्या अनेक क्वायरना शिकवावं लागतं, तुमच्याकडे ते घरचेच आहेत. 'विर्जिनितातेम', 'उनिजेनिताम' यांतला ज 'जीव'मधला. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. आपला 'अ' त्यात कुठेही नाही, आणि मराठी गायकांकडून तोच नकळत शिरतो. 'लामेन्तामिनि'चं 'लमेन्तमिनी' झालं की रंगच उडतो.

आघात जास्त महत्त्वाचे. प्लो-रा-ते, दो-लो-रिस, उ-नि-जे-नि-ताम, ला-मेन-ता-मि-नि: यांत रा, लो, जे आणि ता यांवर वजन. कारिस्सिमींनी स्वर या वजनांवरच बेतले आहेत, त्यामुळे आघात चुकला की ताल कितीही बरोबर असला तरी ओळ लंगडते. मी नव्या क्वायरकडून पहिल्या काही तालमींत सूरच लावून घेत नाही. गोलात बसायचं, ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ म्हणायचा, पुन्हा लॅटिन ओळ म्हणायची, आणि ती कुणाला तरी उद्देशून म्हणायची. 'प्लोराते' ही आज्ञा आहे: रडा. आज्ञा मनातल्या मनात देता येत नाही. शेजारी बसलेल्याकडे बघून म्हणा. मग स्वर लावा.

सुरेलपणाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे तुमच्यातले हिंदुस्थानी गाणं शिकलेले लोक खरं भांडवल आहेत. सतराव्या शतकातले ऑर्गन बहुधा मीनटोन पद्धतीने लावलेले असत. त्यात मोठा तृतीय स्वर, म्हणजे शुद्ध गंधार, अगदी नैसर्गिक जागी बसतो. आजच्या पियानोचा आणि बहुतेक हार्मोनियमचा गंधार त्याहून सुमारे 14 सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) चढा असतो. नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तोच या संगीताचा गंधार. तेव्हा तालमीत पियानो बंद करून तानपुरा लावा. एका गटाने सा, दुसऱ्याने प धरावा आणि तिसऱ्याने गंधार तानपुऱ्यात विरघळेपर्यंत खाली आणावा. चर्चमध्ये पियानोवर वाढलेल्या गायकांना तो आधी उतरलेला वाटेल. चार-पाच दिवसांत कान बदलतो, आणि मग सहा आवाजांचा मेळ असा काही स्थिर उभा राहतो की आवाज वाढवायची गरजच उरत नाही. तुमच्या डिजिटल पियानोत मीनटोन निवडायची सोय असण्याची बरीच शक्यता आहे. मेन्यूत बघा, ऑर्गनचा साधा आवाज निवडा आणि साथीला तोच वापरा.

मात्र याच गायकांची एक सवय इथे आवरावी लागते, ती मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. ते का, हे कळायला शेवटच्या समूहात नेमकं काय घडतं ते जवळून पाहू.

'लामेन्तामिनि', म्हणजे 'विलाप करा', हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी एखादा आवाज मागे रेंगाळतो. सरगमात सांगायचं तर: बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, सा वर आलाय, कुणीतरी प धरलाय, मेळात आता ग हवा. पण एक आवाज आधीच्या मेळातला म सोडतच नाही. आधी तो म सुरेल होता. खालचे आवाज सरकले आणि तो न हलताच बेसुरा ठरला. शेजारच्या प शी तो घासतो. मग, एक मात्रा उशिरा, तो ग वर उतरतो. तो सुटतोय तोवर दुसरा कुठलातरी आवाज तसाच अडकलेला असतो. अशी साखळी शेवटपर्यंत चालते. पाश्चात्त्य संगीतात याला सस्पेन्शन म्हणतात, आणि हे तंत्र कारिस्सिमींच्या आधी शतकानुशतकं वापरात होतं. त्यांनी केलं ते इतकंच की ते शोकाच्या एका शब्दाला बांधलं आणि ऐकणाऱ्याला सुटका मिळू दिली नाही.

गाताना यात तीन टप्पे आहेत: धरणं, घासणं, सोडणं. धरताना आवाज साधा. घासण्याच्या क्षणी, म्हणजे इतर आवाज सरकतात तेव्हा, धरलेल्या स्वरावर किंचित भार द्या. तो तुमच्या घशात नव्हे, श्वासात हवा. सोडताना भार काढून घ्या, उतरलेला स्वर हलका. इथे मींड घेतली तर म आणि ग यांच्यामधली पायरीच पुसली जाते, घर्षण कधी संपलं ते कळत नाही आणि पुढच्या आवाजाचं घर्षण सुरू झालेलं ऐकू येत नाही. सरळ पायरी उतरा. आवाजातली मोठी थरथर इथे त्याच कारणासाठी नको. दोन स्वर एकमेकांना घासताना ऐकू यायचे असतील तर दोन्ही स्थिर असायला हवेत.

सर्वांत जास्त बिघडतं ते मात्र भावनेच्या भरात. क्वायर हळवी होते, लय ओढली जाते, आवाज फुगतो, आणि मग घर्षणाचे स्वर नुसते लांबलेले स्वर होतात. लय चालती ठेवा. एका श्वासात 'एत फीलियाम येफ्ते उनिजेनिताम' पूर्ण म्हणता येईल इतपत चालती. दुःख कारिस्सिमींनी लिहून ठेवलेलं आहे. गायकाने त्यात आपलं ओतायची गरज नाही. मी हे अनेकदा पाहिलंय की समूहाने लय जरा पुढे नेली आणि फक्त घर्षणाच्या जागा जपल्या की सभागृह बदलतं.

शोक दाखवायची आणखी एक युक्ती कृतीच्या मध्यावर आहे. 'एत उलुलान्तेस फीलिई अम्मोन' या ओळीत हरलेले अम्मोनी विव्हळतात, आणि सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली घसरत जातात. इथेही घसरण म्हणजे मींड नव्हे. कोमल-शुद्ध लागोपाठ, प्रत्येक स्वर वेगळा. लक्षात घ्या, हे शत्रूचं विव्हळणं आहे, आणि तरीही कारिस्सिमींनी त्याला खरा शोक दिला आहे. पुढे जे विजेत्याच्या घरी होणार आहे त्याची ती चाहूल आहे असं मला वाटतं. आधीचा 'फुजिते, चेदिते, इम्पिई' हा बासचा धडाका, 'पळा, हटा, दुष्टांनो', जोरात आणि शब्द तोडून गायलात तरच ही घसरण ऐकू येते.

आवाजांची वाटणी: सहा ओळी आहेत, तीन सोप्रानोंच्या (बायकांचा वरचा आवाज), मग आल्टो (बायकांचा खालचा), टेनर आणि बास एकेक. म्हणूनच म्हटलं की ही कृती तुम्हाला मानवेल. तीन टेनर एका ओळीला पुरतात. वीस गायक ही संख्या कमी समजू नका. फ्रेंच व्हायोलवादक आंद्रे मोगार्स यांनी 1639 साली रोममधल्या सान मार्चेल्लोजवळच्या क्रॉसच्या ओरातोरिओत, म्हणजे प्रार्थनागृहात, अशी सादरीकरणं ऐकली. जुन्या करारातली गोष्ट, एकेक पात्र एकेक गायक, आणि शब्दाचं बळ पुरेपूर उतरवणारं गाणं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. तिथे मोठाले जथे नव्हते. रोमच्या चर्चमध्ये तेव्हा बायका गात नसत. वरचे आवाज मुलांचे किंवा कास्त्रातींचे (आवाज फुटू नये म्हणून लहानपणी खच्ची केलेल्या पुरुष गायकांचे) असत. तुमच्या बायकांनी ते गाण्यात काहीही कमीपणा नाही, फक्त आवाज उजळ आणि सरळ ठेवा.

पट्टी: रोमचा त्या काळचा सूर आजच्या 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा साधारण एक पूर्ण स्वर खाली होता. वरच्या सोप्रानोला ओढ बसत असेल तर निःसंकोच एक स्वर खाली घ्या. अपराध तर नाहीच, उलट मूळच्या जवळ जाल. बासची मंडळी कुरकुरतील, त्यांना सवय होते.

साथीबद्दल काळजी नको. 'येफ्ते'त व्हायोलिन वगैरेंच्या ओळीच नाहीत. सहा आवाज आणि खाली एक बासची ओळ, जिच्यावरून ऑर्गनवाला मेळ भरत जातो. चेलो वाजवणारं कुणी मिळालं तर बासची ओळ दुहेरी करा, नाही मिळालं तर एकट्या ऑर्गनवर भागतं. हार्मोनियम नको; त्याचा गंधार तुमची सगळी मेहनत बिघडवेल.

स्वरलिपी सीपीडीएल आणि आयएमएसएलपी या संकेतस्थळांवर मोफत मिळते. प्रतींमध्ये फरक दिसतील. कारिस्सिमींचे मूळ कागद कोलेजिओ जर्मानिकोत, म्हणजे ते संगीतप्रमुख होते त्या रोममधल्या जेझुइट महाविद्यालयात, होते. 1773 साली जेझुइट संघ बरखास्त झाला तेव्हा ते हरवले, आणि त्यांचं संगीत इतरांनी केलेल्या नकलांतून उरलं. तीन सोप्रानो वेगळ्या दाखवणारी आणि बासच्या ओळीवर आकडे (ते ऑर्गनवाल्याला मेळ कुठला ते सांगतात) ठेवणारी प्रत घ्या.

थेट 'येफ्ते'ला हात घालण्याआधी काहीतरी सोपं हवं असेल तर त्याच शतकातले इटालियन संगीतकार मोंतेवेर्दी यांचं 1620 साली छापलेलं सहा आवाजांचं 'कान्ताते दोमिनो' घ्या. पाठोपाठ त्यांचंच 'आदोरामुस ते क्रिस्ते', त्यात घर्षणाचा सराव होतो. त्यांच्या 1610च्या 'व्हेस्पर्स' या मोठ्या कृतीच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. आणि कधी तालमीला चारच जण आले तर इटालियन संगीतकार विआदाना यांचे 1602चे 'चेन्तो कोन्चेर्ती एक्लेसिआस्तिची' काढा. पाच-सहा आवाजांची रचना एक-दोघांनीच गायली की मध्ये भोकं पडतात, म्हणून मोजक्या गायकांसाठीच त्यांनी ते रचले होते.

आता राहिला "आपला काय संबंध?" हा प्रश्न. 1663 साली कार्मेलाइट या कॅथलिक संघाचे धर्मोपदेशक जुझेप्पे दी सान्ता मारिया सेबास्तियानी गोव्यात होते. संत इग्नेशियसच्या सणाला बॉम जेझू चर्चमध्ये त्यांनी सात गायकवृंदांचं संगीत ऐकलं, आणि आपण रोममध्येच आहोत असं त्यांना वाटलं. रचना कारिस्सिमींची आहे असं त्यांना सांगण्यात आलं. गाणारे स्थानिक होते, आणि त्यांच्या तयारीने ते थक्क झाले. कारिस्सिमी तेव्हा रोममध्ये हयात होते, रोज कामावर जात होते. बॉम जेझू जेझुइटांचं, कोलेजिओ जर्मानिकोही जेझुइटांचं. रोममध्ये लिहिलेला कागद जुन्या गोव्यात कसा पोचला असेल हे वेगळं सांगायला नको. म्हणजे प्रसिद्ध संगीतकार हँडल यांनी 1743च्या 'सॅम्सन'साठी 'प्लोराते फीलिई'चं संगीत उचललं त्याच्या कितीतरी आधी कारिस्सिमी आपल्या किनाऱ्यावर गायले जात होते. गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत आले, आणि उपवासकाळात लॅटिन व कोकणी मोतेत (धार्मिक समूहगीतं) गाण्याची परंपरा तिथे टिकून आहे. तुमच्या क्वायरमधल्या कुणाच्या आजोळी ती असेल तर त्यांना विचारा. लॅटिन ओळ सहज तोंडात बसलेली माणसं तुम्हाला तिथे भेटतील, आणि उच्चारांसाठी कुठल्याही ध्वनिफितीपेक्षा ती जास्त कामाची.

शेवटी मांडणीचं. मुलीच्या विलापात दोन सोप्रानो प्रतिध्वनी होऊन तिचे शेवटचे शब्द परत म्हणतात: 'उलुलाते', 'लाक्रिमाते', 'रेसोनाते'. या दोघींना क्वायरमध्ये उभं करू नका. चर्चमध्ये गात असाल तर मागच्या माडीवर, सभागृहात असाल तर पडद्याआड किंवा श्रोत्यांच्या मागे. मुलीचा शब्द संपून हवेतून जाईपर्यंत त्यांनी थांबायचं, आणि त्यांना कुणीही खूण करायची नाही. त्यांनी ऐकूनच शिरायला हवं. पुण्यातली बरीच सभागृहं आवाज पिऊन टाकतात, त्यामुळे शक्य असेल तर दगडी चर्चच शोधा आणि एक तालीम आधी तिथेच करा, कारण तिथे लय आपोआप थोडी संथ मागितली जाईल. श्रोत्यांच्या हाती लॅटिन ओळ आणि समोर मराठी अर्थ असा कागद द्या. गाण्याच्या मध्ये निवेदन नको. त्याऐवजी सुरुवातीला कुणीतरी 'शास्ते'चा अकरावा अध्याय मराठीत स्वच्छ वाचावा, पण मुलगी बापाकडे दोन महिने मागते तिथपर्यंतच. त्यापुढचं वाचू नका.